निशी-कासाईत सरकारी भाड्याचं घर : कोणत्या दारात उभं राहायचं?

पुण्याहून किंवा ठाण्याहून तोक्योत बदली झालेल्या माणसाचा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. "दादा, निशी-कासाईत स्वस्तातलं सरकारी घर मिळतं म्हणे?" मिळतं. पण इथे 'सरकारी घर' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि चुकीच्या दारात रांग लावली की दोन-तीन महिने सहज जातात. तेवढ्यात कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या खोलीची मुदत संपते आणि माणूस घाईघाईत पहिलं दिसेल ते खासगी घर घेऊन मोकळा होतो. त्याचे पैसे पुढची चार वर्षं जाणवत राहतात.

सगळे निशी-कासाईलाच का येतात, हे आधी थोडक्यात सांगतो. हे स्टेशन तोक्योच्या पूर्व टोकाला एदोगावा वॉर्डात आहे. तोझाई लाइनवर बसलं की कायाबाचो, निहोनबाशी, ओतेमाची ही बँकांची आणि ऑफिसांची स्टेशनं वीस मिनिटांच्या आत येतात. सन २००० च्या आधी वाय-टू-के, म्हणजे संगणकांमधला २००० सालाच्या तारखेचा घोळ, दुरुस्त करायला आपले इंजिनिअर मोठ्या संख्येने आले, तेव्हा खासगी घरमालक परदेशी भाडेकरू म्हटलं की मान हलवायचे. जगमोहन चंद्राणी हे चहाचे व्यापारी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून इथे होते, त्यांनी अनेकांना घरं मिळवून द्यायला मदत केली. आणि सार्वजनिक भाड्याच्या इमारतींना जामीनदार लागत नव्हता, म्हणून तिथे आपली वस्ती वाढली. पुढे २०१९ मध्ये महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या कौन्सिलवर निवडून आले. आता डोसा, हिरवी मिरची आणि तूरडाळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेव्हा जागा चांगलीच आहे, प्रश्न घराचा.

'स्वस्त' म्हणजे नेमकं किती

एक गैरसमज आधीच काढून टाका. तुम्हाला जे सार्वजनिक घर मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, त्याचं महिन्याचं भाडं आजूबाजूच्या बाजारभावाइतकंच असतं. बचत होते ती सुरुवातीला आणि दर दोन वर्षांनी.

खासगी घर घेताना काय काय द्यावं लागतं ते पाहा. समजा भाडं १,२०,००० येन आहे. घरमालकाला 'रेइकिन' एक महिना. याचा अर्थ आभाराचे पैसे. आपल्या पागडीसारखे गेले ते गेले. दलाली एक महिना आणि वर दहा टक्के कर, म्हणजे १,३२,०००. जामीनदार नाही म्हणून हमी कंपनी, तिचे अर्ध्या महिन्याचे धरा ६०,०००. झाले ३,१२,००० येन, यातला एकही परत येत नाही. दोन वर्षांनी करार पुढे चालवायचा म्हणून आणखी एक महिन्याचं भाडं. चार वर्षं राहिलात तर ४,३२,०००, म्हणजे महिन्याला ९,००० येन. डिपॉझिट, ज्याला 'शिकिकिन' म्हणतात, ते मी यात धरलेलंच नाही.

हे ९,००० येन वाचवणं म्हणजे निशी-कासाईतलं 'स्वस्त घर'. यापेक्षा खूप स्वस्त घरंही आहेत, पण ती कोणासाठी आहेत ते पाहू.

तीन दारं

पहिलं दार 'तोएइ जूताकु'. ही तोक्यो महानगर सरकारची स्वतःची घरं, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. भाडं उत्पन्नावर ठरतं, त्यामुळे खरंच कमी असतं. मुंबईकराला एका शब्दात सांगायचं तर म्हाडाची लॉटरी, फक्त घर मालकीचं न होता भाड्याचं. मोठी भरती, म्हणजे घरांसाठी अर्ज मागवणं, वर्षातून चारदा असते : फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. काही भरत्यांना सोडत, काहींना गरजेप्रमाणे गुण. कुटुंबाने तोक्योत राहत असायला हवं. एकट्या माणसाला तर तीन वर्षं तोक्योत राहिलेला आणि साठीच्या पुढचा किंवा अपंगत्व वगैरे कारण असलेला असं असावं लागतं. उत्पन्नाची मर्यादा तिघांच्या साध्या कुटुंबाला वर्षाला २६,५६,००० येन. हा आकडा पगारातली सरकारी वजावट गेल्यावरचा आहे, पगाराचा नव्हे, तरीही आयटीतला बहुतेक माणूस त्याच्या वरच जातो. लहान मुलं असतील किंवा घरात वयस्कर माणसं असतील तर मर्यादा थोडी सैल होते. हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आलेल्या, एका पगारावर बायको-मुलं सांभाळणाऱ्या माणसाने मात्र हे दार जरूर ठोठवावं. भरतीच्या दिवसांत अर्ज वॉर्ड ऑफिसात मिळतात. लागेल या भरवशावर राहतं घर सोडू नये, एवढंच.

दुसरं दार 'कोशा'. महानगर सरकारचंच गृहनिर्माण महामंडळ, लोक 'जेकेके' म्हणतात. रेइकिन नाही, दलाली नाही, करार पुढे चालवण्याचे पैसे नाहीत. मधल्या उत्पन्नाच्या लोकांसाठी. निशी-कासाईच सोडायचं नसेल तर तुम्हाला हवं ते घर इथे रिकामं दिसेलच असं नाही, पण बाकी तोक्योत शोधत असाल तर याची यादी आवर्जून चाळा.

तिसरं दार यूआर, आणि आपल्यातले बहुतेक जण याच दारातून आत गेलेले आहेत. १९५५ साली युद्धानंतरची घरटंचाई भागवायला जपान सरकारने गृहनिर्माण महामंडळ काढलं. २००४ पासून त्याचं आजचं रूप म्हणजे यूआर. देशभरात त्यांची सुमारे सात लाख भाड्याची घरं आहेत. त्यांच्या वसाहतीला 'दांची' म्हणतात. निशी-कासाई स्टेशनजवळची कोजिमाचो नि-चोमे दांची आणि दक्षिणेला समुद्रात भर घालून केलेल्या सेइशिनचोमधली सेइशिन प्लाझा ही नावं तुमच्या कानावर आली असतीलच. रेइकिन नाही, दलाली नाही, करार पुढे चालवण्याचे पैसे नाहीत, जामीनदार लागत नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं. आणि सोडत नाही : रिकामं घर जो आधी धरेल त्याचं.

इथून पुढे यूआरबद्दलच.

पात्र आहात का, ते आधी कागदावर मांडा

व्हिसाचं म्हणाल तर मध्यम किंवा दीर्घ मुदतीचं वास्तव्य हवं, म्हणजे हातात रेसिडन्स कार्ड हवं. नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेल्यांनी वेळ घालवू नये.

उत्पन्नाचं गणित असं. वर्षभराची कर कापण्याआधीची कमाई भागिले बारा. कुटुंबासाठी घर घेत असाल आणि भाडं ८२,५०० येनपेक्षा कमी असेल तर ही सरासरी भाड्याच्या चौपट हवी. भाडं ८२,५०० ते दोन लाखांच्या आत असेल तर सरळ ३,३०,००० येन पुरे. एकट्याने राहणार असाल तर सीमा ६२,५०० येनवर. त्याच्या वर आणि दोन लाखांच्या आत २,५०,००० येन पुरे. म्हणजे एकटा माणूस वर्षाला ३० लाख येन कमावत असेल तर १,२०,००० चं घर त्याला मिळू शकतं, कुटुंबवाल्याला मात्र ३९,६०,००० लागतात. हे उलटं वाटेल, पण नियम तसा आहे.

कमी पडत असेल तर वाटा आहेत. स्वतःची कमाई अटीच्या निम्मी तरी असेल तर सोबत राहणाऱ्या नातेवाइकाची, म्हणजे बहुधा बायकोची किंवा नवऱ्याची, कमाई जोडता येते. बँकेत भाड्याच्या शंभरपट शिल्लक असेल तर उत्पन्न विचारत नाहीत. १,२०,००० च्या घराला १ कोटी २० लाख येन होतात, तेव्हा ही वाट नावापुरतीच. तिसरी वाट म्हणजे एक वर्षाचं किंवा जास्त भाडं एकदम भरणं, मग उत्पन्नाची अट लागत नाही. नुकतीच नोकरी बदललेल्या एका मित्राने असंच केलं. भारतातले पैसे मोकळे होते म्हणून जमलं. दोघे बॅचलर मिळून राहणार असतील तर नात्यात नसलेल्यांसाठीही एकत्र कराराची सोय आहे, मात्र त्यात एकाने भाडं चुकवलं तर दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. मैत्री किती जुनी आहे ते पाहून ठरवा.

कागद

पोचल्यावर राहण्याचा पत्ता ठरला की चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात नोंदवावा लागतो. पत्ता तात्पुरत्या खोलीचा असला तरी चालेल. ती नोंद झाली की 'जूमिनह्यो' मिळतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांची नावं असलेला रहिवासाचा दाखला. यूआरला तो लागतोच. घेताना 'माय नंबर', म्हणजे आपल्या आधारसारखा इथला ओळख क्रमांक, न छापलेला मागा, नाहीतर पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल.

उत्पन्नाचा दाखला हा खरा खड्डा. जुने लोक मागच्या वर्षीचा कर-दाखला देतात. नवीन आलेल्यांकडे तो नसतो, म्हणून कंपनीकडून पुढच्या वर्षभरात किती पगार मिळणार याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते यूआरच्या छापील नमुन्यातच. माझ्या त्या वेळच्या कंपनीच्या एचआरने छान लेटरहेडवर इंग्रजी पत्र दिलं. काउंटरवरच्या बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, पूर्ण वाचलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं. नमुना घेऊन जा, भरून शिक्का मारून आणा. घर माझ्या नावाने धरलेलं होतं आणि कागदाची मुदत तीन दिवसांवर होती. एचआरमधला मनुष्य रजेवर. शेवटच्या दिवशी दुपारी शिक्का मिळाला. तुम्ही हा नमुना घर शोधायला सुरुवात करण्याआधीच भरून घ्या. भाड्याचा आकडा त्यात लागत नाही, पगाराचाच लागतो.

बँक खातं लवकर काढा, भाडं खात्यातून कापलं जातं. आणि कंपनी स्वतःच्या नावाने घर घ्यायला तयार आहे का, हे एकदा विचारून घ्या. तसं असेल तर वरचं बरंचसं तुमच्यापुरतं गळून पडतं.

शोधायचं कसं

यूआरच्या संकेतस्थळावर दांचीचं नाव टाकलं की त्या क्षणी रिकामी असलेली घरं दिसतात. एखाद्या दांचीत आज एकही नसेल आणि परवा सकाळी दोन आलेली असतील. मी सांगतो तो उपाय फार हुशारीचा नाही : तीन-चार दांची ठरवा आणि रोज सकाळी ऑफिसला जाताना फोनवर पाहा. निशी-कासाईत नसेल तर त्याच लाइनवर एक-दोन स्टेशनं पुढे-मागे सरका, कासाईला किंवा नदीपलीकडे. मार्चमध्ये बदल्यांचा हंगाम असतो. घरं बरीच सुटतात, पण धावणारेही तेवढेच.

दिसलं की लगेच तात्पुरता अर्ज करून घर धरा. तेवढ्याने पैसे पडत नाहीत, नको असेल तर सोडता येतं. 'घरी विचारून सांगतो' म्हटलंत की गेलं. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत कागद द्यायचे.

घरांची नावं आकड्यांत असतात. '३डीके' म्हणजे तीन खोल्या आणि जेवणाची जागा असलेलं स्वयंपाकघर. पन्नास चौरस मीटर म्हणजे साधारण ५४० चौरस फूट, आपल्याकडचा वन बीएचके, पण त्यात तीन खोल्या पाडलेल्या. जुन्या पाच मजली इमारतींना बऱ्याचदा लिफ्ट नसते आणि वरच्या मजल्यांचं भाडं त्यामुळे कमी असतं. एकटे असाल तर बेलाशक घ्या. बाळाची गाडी आणि तांदळाची दहा किलोची पिशवी एकाच वेळी चौथ्या मजल्यावर न्यायची असेल तर भाड्यातला तो फरक फार वाटत नाही.

यादीत एखादं घर पहिलं एक किंवा दोन वर्षं अर्ध्या भाड्याने दिसलं तर ती चूक नाही. त्या घरात आधीच्या भाडेकरूचा मृत्यू झालेला असतो, आणि तसं स्पष्ट सांगूनच ते देतात. माझ्या ओळखीचं एक कुटुंब अशा घरात सत्यनारायण घालून सुखाने राहतंय. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. याशिवाय पस्तिशीच्या आतले आणि लहान मुलं असलेली कुटुंबं यांना ठरावीक दांचींत सवलतीचं भाडं मिळतं. त्यातले काही करार तीन वर्षांच्या मुदतीचे असतात, म्हणून मुदत संपल्यावर काय, हे आधी विचारा.

घर पाहताना

यूआरची एक पद्धत मला फार आवडते : बरेचदा दांचीतल्या ऑफिसातून किल्ली देतात आणि तुम्ही एकटेच घर पाहून येता. मागे दलाल उभा नसतो. निवांत पाहा. सोबत मापाची टेप न्याच. दांचीतली ततामी चटई नेहमीच्यापेक्षा लहान असते, साधारण ८५ बाय १७० सेंटीमीटर. त्यामुळे कागदावर 'सहा चटयांची खोली' म्हणजे पावणेनऊ चौरस मीटरच भरते. डबल बेड टाकलात तर कपाटाचं सरकतं दार उघडायला जागा उरते का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. फ्रिजची आणि वॉशिंग मशीनची जागा मोजा. एसी लावायला भिंतीत भोक आणि स्वतंत्र प्लग आहे का पाहा. जुन्या घरांत न्हाणीघरातच गॅसचा बंब असतो, त्याची मूठ कटकट फिरवून पेटवावा लागतो. चालतो उत्तम, पण टबची जागा खातो.

इमारत कधीची आहे ते विचारा. जून १९८१ मध्ये भूकंपाचे बांधकाम-नियम कडक झाले. त्याआधीची असेल तर मजबुतीकरण झालंय का, हे विचारण्यात काही गैर नाही. आणि मजला निवडताना पुराचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा. एदोगावाची जवळपास ७० टक्के जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ साली काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर स्वतःच्याच वॉर्डाबद्दल लिहिलं होतं, 'इथे थांबू नका'. मोठ्या पुरात पाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, असा त्यांचा अंदाज आहे. घाबरायचं म्हणून सांगत नाही. पहिला आणि सहावा मजला सारख्याच भाड्यात मिळत असेल तर विचार करायला उपयोगी पडेल.

करार आणि पहिली रात्र

कागद मान्य झाले की दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि त्या महिन्यातल्या उरलेल्या दिवसांचं भाडं भरायचं. भाड्याखेरीज 'क्योएकिही' असतं, जिन्यातले दिवे आणि बागेची निगा यासाठी. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं. सही करण्याआधी करार समजावून सांगतात, सगळं जपानीत. जपानी येणारा मित्र त्या दिवशी सोबत न्या, बाकी कुठल्याही दिवसापेक्षा तिथे त्याची जास्त गरज आहे.

घर रिकामं मिळतं म्हणजे खरंच रिकामं. गॅसची शेगडी नाही, पडदे नाहीत, बऱ्याच घरांत एसी नाही, आणि खोल्यांत दिवेसुद्धा नाहीत. छताला नुसते सॉकेट. मी ऑगस्टमध्ये संध्याकाळी सहाला किल्ली घेतली. सातला अंधार पडला आणि आम्ही दोघं मोबाइलच्या उजेडात ततामीवर बसून घामाघूम होत इडली खाल्ली. गॅसही नव्हता, कारण तो सुरू करायला गॅस कंपनीचा माणूस घरी यावा लागतो आणि त्याची वेळ आधी ठरवावी लागते. म्हणून किल्ली सकाळी घ्या, गॅसची वेळ त्याच दुपारची ठरवा आणि एक तरी दिवा आदल्या दिवशी विकत आणून ठेवा. भारतात परतणारी कुटुंबं दिवे, शेगडी, एसी, पडदे स्वस्तात देऊन जातात. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर आधीपासून नजर ठेवा.

राहायला गेल्यावर वर, खाली आणि दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन एक नमस्कार करून या. कचऱ्याचे वार दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोठी वस्तू टाकायची तर आधी नोंद करून पैसे भरावे लागतात. दांचीची रहिवासी संघटना, 'जिचिकाई', साफसफाईला किंवा भूकंपाच्या सरावाला बोलावते, जा. भाषा येत नसली तरी झाडू धरता येतो, आणि रात्री दहाला तुमच्याकडे पाहुण्यांचा गोंधळ झाला तर तक्रार थेट ऑफिसात जाण्याऐवजी आधी तुमच्या दारावर येते. बाल्कनीत शेजाऱ्याच्या आणि आपल्या मध्ये जो पातळ बोर्ड असतो, तो आगीत लाथेने फोडून पलीकडे जाण्यासाठी आहे. त्याला टेकवून कांदे-बटाट्यांची खोकी रचू नका.

सोडताना किमान चौदा दिवस आधी लेखी कळवायचं, मग अधिकारी येऊन घर पाहतो. उन्हाने उडालेला ततामीचा रंग, खिळ्याचं बारीक भोक, यांना ते वापराची झीज धरतात. आपलं डिपॉझिट कापलं जातं ते फोडणीने. शेगडीमागच्या भिंतीवर आणि वरच्या पंख्यावर चार वर्षांचं पिवळं, चिकट तेल बसलेलं असतं. ते स्वच्छतेच्या हलगर्जीत मोडतं आणि त्याचे पैसे लागतात. हार्डवेअरच्या दुकानात शेगडीमागे लावायचा ॲल्युमिनियमचा पत्रा काही शे येनला मिळतो. तो पहिल्या फोडणीच्या आधी लावा.